एंडोस्कोपीतून पोटातली गाठ काढताना "धोका ११ टक्के" सांगतात, तो आकडा येतो कुठून?

विटेकर | ३ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय इथे, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

अण्णांना (वडील, वय ७१) दोन महिने पोटात जळजळ होत होती, गावात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या, शेवटी पुण्यात आणून एंडोस्कोपी केली. जठराच्या खालच्या भागात, अँट्रम म्हणतात तिथे, २२ मिलिमीटरचा चपटा डाग सापडला आणि बायोप्सीत अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात, एवढ्या लवकर आपल्याकडे सहसा सापडत नाही, पोट न कापता तोंडातून दुर्बिण घालून सोलून काढता येईल. ईएसडी म्हणतात त्याला.

अडचण अशी की १६ महिन्यांपूर्वी अण्णांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी बेरीज केली आणि म्हणाले नंतर रक्तस्राव होण्याचा धोका साधारण ११ टक्के. मी मान डोलावली आणि बाहेर आलो. आता रात्री झोप नाही. हे ११ टक्के कुणाचे? अण्णांचे का? डॉक्टरांचे का? आणि ११ म्हणजे जास्त की कमी? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

खवचट_खंडू | ३ जून, रात्री १०.३२

बारावीला ११ टक्के पडले असते तर कमी. बाकी तज्ज्ञ सांगतीलच.

(अण्णांना लवकर बरं वाटो, चेष्टा मनावर घेऊ नका.)

गणपतराव_रिटायर्ड | ४ जून, सकाळी ६.१०

माझं स्पष्ट मत. कॅन्सर म्हटलं की कापून मोकळं व्हावं. दुर्बिणीने सोलायचं, थोडं राहिलं तर? परत पळापळ. आमच्या साहेबांचं अर्धं जठर १९९४ साली काढलं होतं, पुढे २० वर्षं ठणठणीत जगले. हे टक्केवारीचे खेळ हल्लीचे.

मिरजकर | ४ जून, सकाळी ९.०५

गणपतराव, जठर काढलेलं माणूस माझ्या घरात आहे म्हणून बोलतो. बायकोचं ऑपरेशन झालं चार वर्षांपूर्वी, तिचा कॅन्सर आतपर्यंत गेलेला होता त्यामुळे इलाज नव्हता. बरी आहे, देवाची कृपा. पण १४ किलो वजन गेलं, दिवसातून सहा वेळा चिमणीसारखं खायचं, गोड जरा जास्त खाल्लं की अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर आणि आडवं पडणं. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं कायमची. ज्याला सोलून भागण्यासारखं आहे त्याने कापायचं कशाला?

डॉ_आतडेवाला | ४ जून, दुपारी २.४०

आधीच सांगतो, मी या विषयातला असलो तरी ईएसडी स्वतः करत नाही, असे पेशंट मोठ्या सेंटरला पाठवतो. आणि हे सगळं सर्वसाधारण आहे, अण्णांचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत.

गणपतराव, "थोडं राहिलं तर" ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर बऱ्यापैकी शोधलं गेलंय. जठराच्या कॅन्सरची खरी भीती लिम्फ नोडमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या लसीका गाठींमध्ये, पसरण्याची असते. २००० साली टोकियोतल्या दोन कॅन्सर केंद्रांनी जठर काढलेल्या ५,२६५ पेशंटचे नमुने तपासले. कॅन्सर फक्त आतल्या अस्तरात, चांगल्या प्रतीच्या पेशींचा आणि ३० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, अशा १,२३० जणांत नोडमध्ये पसरलेला एकही सापडला नाही. एकही नाही. मग अशा माणसाचं जठर काढून मिळवायचं काय? तिथूनच सोलून काढण्याला पक्का आधार मिळाला.

विटेकर, तुमच्या डॉक्टरांनी बेरीज केली म्हणजे बहुतेक बेस्ट-जे स्कोअर काढला. जपानमधल्या ३३ हॉस्पिटलांतल्या दहा हजारांहून जास्त पेशंटवरून बनवलाय, २०२१ च्या आसपास आला. मार्क असे: वॉर्फरिन ४, नवीन प्रकारच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या ४, डायलिसिसवर असेल तर ३, क्लोपिडोग्रेलच्या जातीची गोळी २, अ‍ॅस्पिरिन २, सिलोस्टाझोल (तीही रक्त पातळ ठेवणारीच गोळी) १, गाठ ३० मिलिमीटरपेक्षा मोठी १, जठराच्या खालच्या तिसऱ्या भागात १, एकापेक्षा जास्त गाठी १. गोळी आधी थांबवली तर थांबवलेल्या प्रत्येक प्रकारामागे उणे १. ० ते १ मार्काला रक्तस्राव २.८ टक्के, २ ला ६.१, ३-४ ला ११.४, आणि ५ किंवा जास्तला २९.७.

विटेकर | ४ जून, रात्री ८.२०

डॉक्टर, खूप आभार. लगेच वहीत मांडलं. अ‍ॅस्पिरिन २, क्लोपिडोग्रेल २, खालचा भाग १, झाले ५, आणि क्लोपिडोग्रेल आधी बंद करायचं म्हणून उणे १, राहिले ४. म्हणजे ११.४. जुळलं!

पण एक कळेना. हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलंय की अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा, क्लोपिडोग्रेल आधी पाच दिवस बंद करा. समजा अ‍ॅस्पिरिनही बंद केलं तर आणखी उणे १ होऊन ३ राहतात. तरी ११.४ च? मग तेही बंद करून फायदा काय? आणि स्टेंटला काही झालं तर?

खवचट_खंडू | ४ जून, रात्री ८.४१

पगार वाढला पण इन्कम टॅक्सचा स्लॅब तोच, तसं झालं हे.

आकडेमोड | ४ जून, रात्री ११.५५

खंडूभाऊ गमतीत बोलले पण नेमकं तेच आहे. स्कोअर वापरायला सोपा पडावा म्हणून ३ आणि ४ एका पेटीत टाकलेत आणि पेटीवर एकच चिठ्ठी चिकटवलीय ११.४ ची. ३ वाल्यांचा धोका त्याहून थोडा कमी असणार आणि ४ वाल्यांचा थोडा जास्त. पेटी बदलली नाही म्हणजे धोका हललाच नाही असं नसतं.

दुसरं, हा आकडा अण्णांचा नाहीये, अण्णांसारख्यांचा आहे. अशा स्कोअरला एक परीक्षा असते. ज्याला रक्तस्राव झाला असा एक माणूस आणि झाला नाही असा एक माणूस घ्या, स्कोअरने पहिल्याला जास्त मार्क दिलेत का बघा. नाणं उडवलं तर १०० पैकी ५० वेळा बरोबर येईल. हा स्कोअर दुसऱ्या हॉस्पिटलांच्या पेशंटवर तपासला तेव्हा १०० पैकी ७० वेळा बरोबर आला. नाण्यापेक्षा बरा, पण ज्योतिषी नव्हे. मी आयुष्यभर विम्याच्या कंपनीत हेच काम केलं, तिथेही कोण मरणार ते कधीच कळलं नाही, किती मरणार तेवढं कळायचं.

अबोली | ५ जून, सकाळी ७.५०

आकडेमोडकाका, सकाळी सकाळी काय वाक्य टाकलंत 🙄

योकोहामावाली | ५ जून, सकाळी ८.३०

मी योकोहामात १२ वर्षं आहे. माझ्या ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याचं हेच झालं गेल्या वर्षी, जठराच्या मधल्या भागात. इथे ५० नंतर दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी किंवा बेरियमची तपासणी असते, पत्रच येतं घरी, त्यामुळे लवकर सापडतात. ईएसडी इथे २००६ पासून सरकारी विम्यात आहे जठरासाठी, अन्ननलिकेसाठी २००८ पासून. म्हणून लोकांना त्याचं काही वाटतच नाही. हा सहकारी आठवडाभर दवाखान्यात राहिला आणि परत येऊन सगळ्यांना बिस्किटं वाटली, रजा घेऊन त्रास दिला म्हणून!

तिथल्या डॉक्टरांनी त्याला धोके सांगताना जठराचं चित्र काढून दिलं होतं. वरच्या भागात काम अवघड, भोक पडायची भीती जास्त. खालच्या भागात काम त्या मानाने सोपं पण नंतर रक्त येण्याची भीती जास्त. मला हे नवीनच होतं, मला वाटायचं धोका म्हणजे एकच काहीतरी असतो.

डॉ_आतडेवाला | ५ जून, दुपारी १.१५

योकोहामावाली ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. धोका एक नसतो. भोक पडणं वेगळं, नंतर रक्त येणं वेगळं, अन्ननलिका आकसणं वेगळं, आणि गाठ पूर्ण निघाली तरी कॅन्सर नोडमध्ये गेलेला असणं हे चौथंच. प्रत्येकाची कारणं वेगळी. बेस्ट-जे फक्त नंतरच्या रक्तस्रावाचं सांगतो.

भोक पडण्याचं समजून घ्यायचं तर भाकरी आठवा. तव्यावर भाकरी फुगते तेव्हा वाफेने पापुद्रा सुटतो ना, इथे ते काम सुईने सोडलेलं पाणी करतं. अस्तराच्या खाली सलाईन आणि निळा रंग टोचतात, पापुद्रा वर उचलला जातो, मग दुर्बिणीतून बारीक विजेची सुरी घालून पापुद्र्याखालून कापत जातात. पापुद्रा आणि स्नायू यांच्यात निळं पाणी आहे तोवर सुरी सुरक्षित. पण जिथे जुना अल्सर भरून आलाय किंवा ढिगाने बायोप्सी घेतल्यात तिथे व्रण असतो, पापुद्रा सुटतच नाही. भाकरी तव्याला चिकटल्यासारखी. तिथे भोक पडतं. म्हणून अशी गाठ दिसली की सेंटरला पाठवण्याआधी तिचे उगाच तुकडे घेऊ नयेत असं आम्हाला शिकवतात.

सुगरण_नाही | ५ जून, दुपारी १.४०

माझी भाकरी कधीच फुगत नाही, म्हणजे मी हाय रिस्क.

मिरजकर | ५ जून, दुपारी २.०२

😂😂 ताई, पीठ शिळं असेल. ज्वारी दळून आणल्यावर १५ दिवसांत संपवा.

सुगरण_नाही | ५ जून, दुपारी २.१०

पीठ ताजं होतं, हात शिळा आहे. आई पण हेच म्हणते.

अबोली | ५ जून, संध्याकाळी ६.३०

भाकरीवरून परत पोटाकडे येते. माझ्या सासूबाईंचं अन्ननलिकेचं झालं होतं. आयुष्यभर मिशेरी लावली, कितीही सांगितलं तरी. नशिबाने वरवरचा होता म्हणून ईएसडी केली. रक्त आलं नाही, भोक पडलं नाही, आम्ही पेढे वाटले. तीन आठवड्यांनी भात घशाखाली उतरेना. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं हो, की नळीच्या घेराचा पाऊण भागापेक्षा जास्त सोलावा लागला तर जखम भरताना नळी आकसते, त्यांचा तर जवळजवळ पूर्ण घेर होता. स्टेरॉइडच्या गोळ्या पण दिल्या होत्या आकसू नये म्हणून. तरी पुढे सात वेळा फुगा घालून नळी रुंद करून घ्यावी लागली. आता मऊ पोळी खातात.

सांगायचं काय, आम्ही रक्ताचाच आकडा धरून बसलो होतो आणि हे ऐकलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं.

गणपतराव_रिटायर्ड | ६ जून, सकाळी ६.०५

डॉक्टरांचं भाकरीचं पटलं. माझं मत थोडं मागे घेतो. पण सोलल्यावर कळलं की मुळं खोल गेलीत तर?

नीलाक्षी_ठाणे | ६ जून, सकाळी ११.२०

गणपतराव, हेच माझ्या आईच्या बाबतीत झालं, म्हणून लिहिते.

आई ८१ वर्षांची. ईएसडी छान झाली, चौथ्या दिवशी घरी. दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. कॅन्सर अस्तराखालच्या थरात खोलवर गेलेला आणि लिम्फच्या नळीत पेशी दिसल्या. डॉक्टरांनी परत एक बेरीज केली, ई-क्युरा नावाची. लिम्फच्या नळीत शिरला असेल तर ३, खोल गेला असेल तर १, गाठ ३० मिलिमीटरपेक्षा मोठी, खालच्या कडेला कॅन्सर, शिरेत कॅन्सर यांना एकेक. आईचे ४. २ ते ४ मध्ये नोडमध्ये पसरलेला असण्याची शक्यता ६.७ टक्के, ५ ते ७ ला २२.७. नियमाने ऑपरेशनचा सल्ला.

आम्ही तिघं भावंडं त्या ६.७ वर महिनाभर भांडलो. दादा म्हणे ९३ टक्के काही नाहीये तर पोट कशाला फाडायचं, धाकटी म्हणे पुढे पसरला तर मी स्वतःला माफ करणार नाही. आईला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तिनेच जेवताना विचारलं, ऑपरेशनमध्ये काही होण्याची शक्यता किती? सर्जननी तिचं वय आणि फुप्फुसं बघून सांगितलेला आकडा ६.७ च्या फार खाली नव्हता. ती म्हणाली मग मी घरीच बरी. दोन वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी स्कॅन करतो. आतापर्यंत काही नाही. प्रत्येक स्कॅनच्या आधीची रात्र मात्र तीच असते.

आकडेमोड | ६ जून, दुपारी १२.१०

नीलाक्षीताई, तुमच्या आईंनी जे केलं ते निम्मे डॉक्टर आणि सगळे नातेवाईक विसरतात. एका धोक्यासमोर दुसरा धोका ठेवून बघितला. विटेकर, तुमचंही तेच आहे. क्लोपिडोग्रेल थांबवण्याने पोटाचा धोका थोडा उतरतो आणि हृदयाचा थोडा चढतो. पोटाचा स्कोअर हृदयाबद्दल काहीच बोलत नाही.

टेक्नो_तात्या | ६ जून, दुपारी १२.४५

थोडे दिवस थांबा, एआय सगळं एका सेकंदात सांगेल.

खवचट_खंडू | ६ जून, दुपारी १२.५२

तात्या, रात्री दोन वाजता रक्त आलं तर एआय येणार का दुर्बिण घेऊन?

डॉ_आतडेवाला | ६ जून, रात्री ९.३०

खंडूंनी विचारलेला प्रश्न विटेकरांनी सेंटरला जसाच्या तसा विचारावा. स्कोअर जपानचा आहे, तिथे एकेक माणूस शेकड्याने या केसेस करतो आणि सुरुवातीला डुकराच्या जठरावर सराव करून मगच पेशंटला हात लावतो. आपल्याकडेही उत्तम करणारे आहेत पण सगळीकडे नाहीत. त्यामुळे विचारा: तुम्ही स्वतः जठराच्या किती केल्यात? किती जणांना नंतर रक्त आलं? रात्री एंडोस्कोपीची टीम येते का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

स्टेंटबद्दल: १६ महिने झालेत, हार्टच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय, अ‍ॅस्पिरिन चालू राहणार आहे, हा नेहमीचाच मार्ग आहे. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिनसुद्धा बंद करू नका, काही लोक "जास्त सेफ" म्हणून करतात. आणि क्लोपिडोग्रेल परत कधी चालू करायचं ते दोन्ही डॉक्टरांकडून एकाच कागदावर लिहून घ्या.

आणखी एक. रक्त येतं ते बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांना उशिराही येतं. सोललेल्या जागी मोठा अल्सर असतो, शिरा भाजून बंद केलेल्या असतात, खपली सुटली की वाहू शकतात. अ‍ॅसिड कमी करायच्या गोळ्या साधारण आठ आठवडे असतात त्या चुकवू नका. ते दोन-तीन आठवडे गावी नेऊ नका, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासावर ठेवा.

विटेकर | ७ जून, सकाळी ७.३०

अण्णा गावी जायचं म्हणून आत्तापासूनच हटून बसलेत. म्हशीचं कोण बघणार म्हणे.

मिरजकर | ७ जून, सकाळी ७.४४

म्हशीला पुण्यात आणा.

शांताकाकू | ७ जून, सकाळी १०.००

काळी शी झाली की घाबरायचं असतं म्हणतात ना? आमच्या ह्यांना लोहाच्या गोळ्या चालू होत्या, रोज काळी, आणि रोज मी रात्री डॉक्टरांना फोन.

डॉ_आतडेवाला | ७ जून, सकाळी ११.२५

काकू, लोहाने काळपट-हिरवट होते, घट्टच असते. रक्ताची असते ती डांबरासारखी, चिकट, चकचकीत आणि वास असा की घरभर कळतं. शंका आली तर फोन करावाच, डॉक्टरची झोप मोडली तर मोडू दे.

विटेकर | २ जुलै, रात्री ९.१०

धागा वर काढतोय. मंडळी, उशीर झाला कळवायला.

१८ जूनला ईएसडी झाली. अडीच तास लागले. गाठ एकसंध निघाली. बोर्डावर खिळे टोचून ताणून बसवलेला तो तुकडा डॉक्टरांनी मोबाईलवर दाखवला, पापडाएवढाही नाही. सोलल्यावर खालच्या दिसणाऱ्या शिरा त्यांनी एकेक भाजून घेतल्या होत्या. पाचव्या दिवशी डिस्चार्ज. मी डॉ_आतडेवाला सरांचे तिन्ही प्रश्न विचारले होते, डॉक्टर हसले आणि म्हणाले कुणी शिकवलं तुम्हाला? पण आकडे सरळ दिले.

अण्णांना बहिणीकडे कोथरूडला ठेवलं, रोज गावाला जायचं म्हणून भांडण. क्लोपिडोग्रेल सांगितल्या दिवशी चालू केलं. २७ तारखेला, नवव्या दिवशी, रात्री साडेबारा वाजता बहिणीचा फोन. अण्णा बाथरूममध्ये बसून घामाघूम, आणि काकू, सरांनी सांगितलेला तो वास. शंकाच राहिली नाही. २० मिनिटांत हॉस्पिटल. टीम खरंच आली. एक शीर वाहत होती, ती चिमट्याने धरून भाजली आणि वर क्लिप लावली. दोन बाटल्या रक्त चढवलं. गावी असते तर विट्याहून सांगलीला पोचेपर्यंत काय झालं असतं, मी विचार करायचं सोडून दिलंय.

आज परत घरी आणलं, बहिणीच्याच. रिपोर्ट पण आला, सगळ्या कडा स्वच्छ, लिम्फमध्ये काही नाही, फक्त अस्तरातच होता. पोटात एच पायलोरी नावाचा जंतू निघाला, त्याचा कोर्स पुढे. सहा महिन्यांनी परत दुर्बिण.

नीलाक्षी_ठाणे | २ जुलै, रात्री ९.२५

कडा स्वच्छ हे वाचून डोळ्यात पाणी आलं. काळजी घ्या.

आकडेमोड | २ जुलै, रात्री १०.००

अण्णांना माझा नमस्कार सांगा. आकडा बरोबर होता की चूक, यावर एका माणसावरून काहीच बोलता येत नाही, तेवढं नमूद करून गप्प बसतो.

विटेकर | २ जुलै, रात्री १०.१८

काका, मी अण्णांना तुमचं पेट्यांचं सगळं समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, म्हणजे शंभरातले अकरा आणि वर पॉइंट चार. अकरा जण दुसरे होते, तो पॉइंट चार मी.

गणपतराव_रिटायर्ड | ३ जुलै, सकाळी ६.००

वा! माणूस ठणठणीत आहे. भाकरी कधीपासून चालेल?

विटेकर | ३ जुलै, सकाळी ७.१५

अजून काही दिवस मऊ भात आणि वरण. अण्णा म्हणतात भाकरी नको, निदान पापुद्रा तरी द्या.